खोकं पोचलं, वस्तूचं काय?

खोक्यावर चारही बाजूंनी छापलेलं असतं, 'काच आहे, जपून हाताळा'. आत तीन बर्नरची काचेची शेगडी. काचेला एका कोपऱ्यापासून थेट मधल्या बर्नरपर्यंत तडा. ॲपवर मात्र हिरवी खूण आणि शेजारी ओळ, 'आपले पार्सल यशस्वीरीत्या पोचले.'

यश नेमकं कुणाचं?

शेगडीच्या जागी दुसरं काहीही घाला. मिक्सरचं चेपलेलं भांडं, कपाटाची उसवलेली फळी, पहिल्याच दिवशी पडद्यावर उभी रेघ आलेला टीव्ही. तुमच्या घरी घडलं नसेल तर शेजारी घडलंय. आणि शेजाऱ्याने काय केलं तेही ठाऊक आहे. दोन दिवस चिडला, चार जणांना सांगितलं, मग चिकटपट्टी लावून वस्तू वापरायला घेतली.

कंपनीचं सगळं गणित या चिकटपट्टीवर उभं आहे.

ओटीपीपासून सुरू करू. चार आकडे सांगितले की व्यवहार संपला, असं आपल्या मनात पक्कं बसलंय. दारात उभ्या मुलाला पुढे ढीगभर पार्सलं पोचवायची असतात. तो खोकं फोडेपर्यंत थांबू शकत नाही. आपण आकडे सांगतो, खोकं आत घेतो, दार लावतो. तो ओटीपी म्हणजे खोकं मिळाल्याची पोच. आतली वस्तू धड असल्याचा दाखला त्यातून कुणी काढलाच कसा?

आपला वस्तू विक्रीचा कायदा १९३० सालचा, मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षातला. त्याचं ४१ वं कलम सांगतं, की आधी न पाहिलेला माल हातात आला, तर तो तपासायची रास्त संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने तो स्वीकारला असं धरायचं नाही. तुळशीबागेत कपबशी आपण उजेडात धरून बघतो, माठ टिचकी मारून घेतो. ऑनलाइन खरेदीत टिचकी आधी मारता येत नाही. म्हणून ती नंतर मारायचा हक्क कायद्याने दिलाय.

इंग्रजांच्या राज्यात कळलेली गोष्ट आजच्या ॲपला कळू नये?

आता 'वस्तू परत करा' दाबा. कारणांची यादी उघडते. नको झाली, दुसरीकडे स्वस्त मिळाली, चुकीची आली, खराब आली. 'खराब' निवडलं की फोटो मागतात. फोटो दिला की 'विनंती तपासत आहोत'. दुसऱ्या दिवशी उत्तर येतं, 'आमच्या धोरणानुसार आपली विनंती मान्य करता येत नाही.' खाली दोन बटणं. 'ठीक आहे' आणि 'मुख्य पानावर जा'.

'मला हे मान्य नाही' हे बटण कुठे आहे?

माणूस थकतो तो इथे. पुढे बटण नाही, म्हणजे पुढे रस्ताच नाही असं वाटायला लागतं. चॅटवरचं यंत्र त्याच त्या तीन वाक्यांभोवती फिरवतं. फोन लावला तर 'एक दाबा, दोन दाबा' करत आपण पुन्हा पहिल्या पायरीवर. ॲप कंपनीने बनवलंय, त्यात कंपनीच्या सोयीचे दरवाजे असणार. कायदा संसदेने केलाय. त्याचे दरवाजे ॲपमध्ये शोधत बसलो तर सापडायचे कसे?

मग सुरू होतं टोलवणं. मंच, म्हणजे ॲपवाली कंपनी, म्हणतो विक्रेत्याला विचारा. विक्रेता म्हणतो कुरियरने आदळलं असेल. कुरियर म्हणतो पाठवणाऱ्याने तक्रार करावी, तुम्ही आमचे ग्राहकच नाही. पैसे घेताना तिघांचं मिळून एकच बटण होतं. वस्तू फुटल्यावर तीन कंपन्या, तीन शहरं आणि तीन ग्राहक सेवा केंद्रं.

'आम्ही फक्त मंच आहोत' हे वाक्य आलं कुठून? परकीय गुंतवणुकीच्या नियमांतून. परकीय पैशावर चालणाऱ्या कंपनीने स्वतःचा माल साठवून ऑनलाइन थेट ग्राहकाला विकायचा नाही, फक्त बाजार भरवायचा, असा सर्वसाधारण नियम आहे. २०१६ साली केंद्राने काढलेल्या निवेदनात तर मालाची हमी आणि विक्रीनंतर ग्राहकाचं समाधान ही विक्रेत्याची जबाबदारी, असं लिहिलंच आहे. बंधन होतं मोठ्या कंपनीला आवरण्यासाठी, छोट्या दुकानदाराला श्वास घेता यावा म्हणून.

त्या बंधनाची ढाल करून मोठी कंपनी ग्राहकासमोर उभी राहते.

ही ढाल किती टिकते? ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनला १ लाख रुपये दंड केला. सक्तीची मानकं न पाळणारे प्रेशर कुकर तिच्या मंचावरून विकले गेले होते. कुकर २,२६५. प्रत्येक विक्रीतून तुम्ही कमावता, तेव्हा गडबड झाल्यावर अंग काढून घेता येणार नाही, असं प्राधिकरणाने बजावलं. खरेदीदारांना कळवा, कुकर परत मागवा, पैसे परत द्या, असा आदेश झाला. फ्लिपकार्टलाही ५९८ कुकरांसाठी तेवढाच दंड झाला. ॲमेझॉन आदेशाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली.

त्या २,२६५ कुकरांवर ॲमेझॉनने घेतलेलं शुल्क आदेशातच नोंदलंय. ६,१४,८२५ रुपये. दंड १ लाख. या दंडाचा धाक कुणाला वाटणार?

तरीही आदेशातलं ते वाक्य आपल्या कामाचं आहे. कमाई करणाऱ्याने हात झटकायचे नाहीत, हे एकदा लिहून झालंय.

आता मुख्य मुद्दा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. पाठोपाठ २३ जुलै २०२० रोजी ई-कॉमर्सचे वेगळे नियम आले. त्यातला सहावा नियम प्रत्येक घरात माहीत हवा. वस्तू सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. उशिराला नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणांची सूट आहे. तडा गेलेल्या काचेला कुठलीच सूट नाही.

'आमच्या धोरणानुसार' हे शब्द या नियमात कुठेही नाहीत.

मंचालाही मोकळं सोडलेलं नाही. प्रत्येक मंचाने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा. त्याचं नाव, पद आणि संपर्क दाखवायचा. तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची. प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यायचा. विक्रेत्याचं नाव, पत्ता, ग्राहक सेवेचा क्रमांक मंचावर हवा. खरेदीनंतर तुम्ही लेखी मागितलंत तर विक्रेत्याच्या मुख्य कार्यालयाचा पत्ता आणि त्याला गाठायला लागणारी बाकी माहिती देणं मंचाला भाग आहे.

तुम्ही कधी मागितलीय? मागत कुणी नाही, म्हणून ती देण्याची सवयही कुणाला लागलेली नाही.

परत करायची मुदत संपली, हे सर्वांत लाडकं उत्तर. सात दिवस, दहा दिवस, काही वस्तूंना तर 'परतावा नाही, फक्त बदली'. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. रंग आवडला नाही, माप बसलं नाही, मन बदललं, तर परत घेणं हा कंपनीचा सौजन्याचा भाग. त्याची मुदत तिने ठरवावी. सदोष मालाची गोष्ट वेगळी. तो परत न घेणं, पैसे परत न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, दिली नसेल तर ३० दिवसांत. आणि मुदतीचा वाद झाला तरी तक्रार घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं असतात.

सात दिवसांत हक्क संपतो, हे कुणी ठरवलं?

मधे एक कटू गोष्ट. लग्नाला साडी नेसून सोमवारी 'नको झाली' म्हणून परत करणारे आपल्यातच आहेत. जुना फोन खोक्यात भरून पाठवणारेही आहेत. त्यांच्यामुळे खऱ्या तक्रारदाराकडे संशयाने बघितलं जातं. त्यांच्या हुशारीचं कौतुक करणं आपण थांबवलं पाहिजे. हसून टाळी देणाराही त्या लबाडीत भागीदार असतो.

पण त्या संशयाचा भार प्रामाणिक माणसाने का वाहायचा? 'खोकं उघडतानाचा व्हिडिओ द्या, नाहीतर तक्रार घेणार नाही.' ई-कॉमर्सच्या नियमांत अशी अट नाही. व्हिडिओ हा चांगला पुरावा आहे, महागडी वस्तू असेल तर जरूर काढा. पण पुरावा म्हणून काढा, परवाना म्हणून नव्हे. सत्तरीतल्या आजींनी एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात फोन धरून खोकं उघडायचं, ही अपेक्षा करणाऱ्याने आधी स्वतः करून दाखवावं.

नाजूक वस्तू घेताना 'ओपन बॉक्स डिलिव्हरी' मिळत असेल तर तीच निवडा. दारातच खोकं उघडतात, खराब दिसलं तर तिथेच परत. ती नसेल तर निदान खोक्याचा फोटो काढा. चेपलेला कोपरा, फाटलेली पट्टी, पत्त्याची चिठ्ठी. खोकं आणि चिठ्ठी तक्रार मिटेपर्यंत रद्दीत देऊ नका. घरातली स्वच्छतेची घाई कंपनीच्या फार उपयोगी पडते.

आता गोड बोलण्याचा टप्पा. 'मॅडम, वस्तू ठेवून घ्या, आम्ही तीनशे रुपयांचं कूपन देतो.' कूपन म्हणजे त्याच दुकानात पुन्हा खर्च करायची सक्ती. पैसे तुमच्या खात्यातून गेले ना? मग ते खात्यातच यायला हवेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच प्राधिकरणाने ओला कंपनीला सांगितलं, की परताव्याची रक्कम कूपन म्हणून हवी की बँक खात्यात, हे ग्राहकाला निवडू द्या. टॅक्सीच्या भाड्याला लागणारा न्याय शेगडीच्या किमतीला का लागू नये?

आणि तडा गेलेल्या काचेवर आच पेटवायची आहे, हे विसरू नका. तीनशे रुपयांत कुणी आपल्या स्वयंपाकघरातला धोका विकत घेतो का? विजेचं उपकरण, गॅसची वस्तू, लहान मुलांचं खेळणं, इथे सवलतीची बोलणीच नकोत. परत म्हणजे परत.

'पिकअप' ही पुढची अडचण. परत न्यायला येणारा मुलगा वस्तू बघतो आणि म्हणतो, 'ही फुटलेली आहे, फुटलेली वस्तू घेता येत नाही.' फुटली म्हणून तर परत द्यायची आहे! त्याच्याशी भांडू नका. त्याच्या फोनमधल्या यादीत तेवढाच पर्याय आहे. त्याला ना पगार ठरवता येतो, ना परताव्याचा निर्णय. त्याने नकार दिल्याची वेळ आणि कारण तेवढ्यात लिहून मंचाला पाठवा. आपला राग नेहमी सर्वांत गरीब माणसावर का निघतो, याचा विचार दार लावल्यावर करायला हरकत नाही.

'तुमच्याकडे पिकअप नाही, स्वखर्चाने कुरियर करा.' हे लहान गावांत सर्रास ऐकू येतं. माल पोचवताना गाव सापडतं आणि परत नेताना नकाशावरून गायब होतं? १९३० चाच कायदा, कलम ४३. वेगळं काही ठरलेलं नसेल, तर रास्त कारणाने नाकारलेला माल परत पोचवायची जबाबदारी खरेदीदारावर नसते. नाकारलाय, एवढं विक्रेत्याला कळवलं की पुरे. कंपनीच्या अटींत वेगळं लिहिलं असेल तर ती अट दाखवायला सांगा. आणि ती सहाव्या नियमात कशी बसते, तेही त्यांनाच लेखी विचारा.

एक धोक्याची जागा मात्र खरी आहे. चिडलेला माणूस इंटरनेटवर 'अमुक कंपनी कस्टमर केअर नंबर' शोधतो. समोर येतो भामट्याचा क्रमांक. तो फार नम्रपणे बोलतो, खऱ्या कंपनीपेक्षा लवकर फोन उचलतो, आणि परतावा जमा करायचा म्हणून एक ॲप उतरवायला लावतो किंवा क्यूआर कोड स्कॅन करायला सांगतो. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं. फसलात तर वाट न बघता सायबर मदतवाहिनीला फोन करा. तिचा क्रमांकही १९३०.

इन्स्टाग्रामवरच्या दुकानांचं वेगळंच. पैसे आधी, 'नो रिटर्न, नो एक्स्चेंज', पत्ता विचारला की 'डीएम करा'. स्टोरीवर चार शब्द लिहिल्याने कायदा रद्द होत नाही हे खरं. पण नोटीस बजावायची कुणाच्या दारावर? ज्याला पत्ता सांगायचा नाही, त्याला पैसे पाठवायचेच कशाला?

तर करायचं काय? लिहायचं.

फोनवर बोललेलं हवेत जातं. 'हा कॉल रेकॉर्ड होत आहे' असं ते सांगतात, ते रेकॉर्डिंग त्यांच्याजवळ राहतं. आपल्याजवळ काय राहतं? म्हणून मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. मराठीतही चालेल. अमुक तारखेला अमुक ऑर्डर क्रमांकाची शेगडी घेतली. अमुक तारखेला ती काचेला तडा गेलेल्या अवस्थेत मिळाली. फोटो आणि बिल सोबत जोडलं आहे. ई-कॉमर्स नियम २०२० मधल्या सहाव्या नियमानुसार वस्तू परत न्यावी आणि पूर्ण रक्कम मूळ खात्यात जमा करावी. विक्रेत्याचा पूर्ण पत्ता कळवावा. एका महिन्यात निवारण झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. खाली नाव, तारीख.

संपलं. विशेषणं नकोत, शिव्या नकोत, 'मी तुमचा जुना ग्राहक' ही विनवणीही नको. हक्क मागताना ओळख कशाला सांगायची?

हा ईमेल गेला की आपण 'ठीक आहे' आणि 'मुख्य पानावर जा' यांच्या तावडीतून सुटतो. आता ४८ तास आणि एक महिना त्यांच्या घड्याळात चालू होतात. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर दुसऱ्या बाजूने बँकेलाही लिहा. खराब माल आला आणि विक्रेता पैसे देत नाही, या कारणाखाली व्यवहाराला हरकत घेता येते. त्याला चार्जबॅक म्हणतात. मुदत असते, म्हणून लवकर.

उत्तर नाही आलं तर १९१५. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ती तुमची तक्रार कंपनीकडे नेऊन तडजोडीचा प्रयत्न करते. हे न्यायालय नव्हे, तिला निकाल देता येत नाही, हेही ठाऊक असावं. पण ज्या कंपनीला तुमचे दहा ईमेल दिसले नाहीत, तिला सरकारी खात्यातून आलेली तक्रार बरेचदा दिसते.

तुमच्या ईमेलमध्ये आणि त्या तक्रारीत शेगडी तीच, तडा तोच. मग नजर कशामुळे फिरली?

तिथेही नाही जमलं, तर जिल्हा आयोग. आणि इथे आपले लोक माघार घेतात. 'कोर्टाची पायरी कोण चढणार?' 'वकिलाला कोण पैसे देणार?' 'कंपनी बंगळुरूची, तिकडे कोण जाणार?'

एकेक उत्तर ऐका. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा कामधंदा करता, तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते. साताऱ्याच्या माणसाने साताऱ्यात, गडचिरोलीच्या माणसाने गडचिरोलीत. बंगळुरूने इकडे यायचं. वकील सक्तीचा नाही, स्वतः उभं राहता येतं. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. तक्रार घरून ऑनलाइन भरता येते. आधी ई-दाखिल होतं, जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आहे. अर्ज केला तर सुनावणी व्हिडिओवरून होऊ शकते.

कंपनीला उत्तर द्यायला ३० दिवस, आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५. त्यानंतर तिचं उत्तर घ्यायचंच नाही. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे पक्कं केलं. ज्या कंपन्या आपल्याला 'मुदत संपली' म्हणून परत पाठवतात, त्यांनाही एक मुदत आहे. आणि आयोगाचा आदेश पाळला नाही तर एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा किमान २५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

सगळं कागदावर इतकं चोख आहे. मग अडतं कुठे?

आयोगात. कायदा सांगतो, चाचणीची गरज नसेल तर कंपनीला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. अध्यक्ष आहे तर सदस्य नाही, सदस्य आहे तर कर्मचारी नाहीत. या रिकाम्या खुर्च्यांची दखल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. सरकारं ग्राहक दिनाला जाहिराती देतात. त्या दिवशी भाषणाआधी आपल्या जिल्ह्यातल्या आयोगात किती खुर्च्या भरल्या आहेत, एवढंच मंत्र्यांना विचारावं. २४ डिसेंबर दर वर्षी येतो, तयारीला वेळ भरपूर मिळतो.

'एवढ्याशा रकमेसाठी?' हा प्रश्न कंपनी विचारत नाही, आपले नातेवाईक विचारतात. चार हजारांच्या शेगडीसाठी एवढी खटपट? आयोग वस्तूच्या किमतीखेरीज मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्चही देऊ शकतो, हे एक उत्तर. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. तुमचे चार हजार तुम्हाला एकदाच जातात. कंपनीला तेच चार हजार गप्प बसलेल्या प्रत्येकाकडून मिळतात. एवढीशी रक्कम कुणासाठी एवढीशी आहे?

महाराष्ट्राला हे गणित कळायला उशीर झाला नव्हता. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली, घराघरांनी एकत्र येऊन महिन्याचं वाणसामान घ्यायची पद्धत तिने रुजवली. संसदेने ग्राहकांसाठी कायदा केला तो १९८६ मध्ये. म्हणजे आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांनी, त्यातही बायकांनी, कायद्याची वाट न बघता दहा-बारा वर्षं आधी संघटित होऊन दाखवलं होतं.

आज त्याच घरांत प्रत्येकाच्या हातात वेगळा फोन, प्रत्येकाची वेगळी ऑर्डर, प्रत्येकाची वेगळी तक्रार. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर सुप्रभात रोज येतं. त्याच विक्रेत्याची तीच शेगडी शेजारच्या इमारतीतही तडकलेली आली, हे त्या गटावर का येत नाही? एकाच विक्रेत्याविरुद्ध पाच घरांनी केलेल्या पाच लेखी तक्रारी बाजूला सारणं कुठल्याही मंचाला जड जाईल.

आणि परीक्षणं? एक तारा द्यायला आपण तयार असतो, पण 'पॅकिंग खराब, शेगडी तडकलेली, पैसे परत दिले नाहीत' एवढं नेमकं लिहायला कंटाळतो. पुढचा ग्राहक ताऱ्यांकडे बघून फसतो. खोटी परीक्षणं लिहिणाऱ्यांना पैसे मिळतात. खरं लिहिणाऱ्याने दोन मिनिटं दिली तर तेवढा तरी तोल राहील.

काही मंच आता बिलात हाताळणी, पॅकिंग अशा नावांनी वेगळे रुपये लावतात. पॅकिंगचे पैसे घेऊनही काच फुटली, तर ते पैसे कशाचे होते? पैसे भरायच्या पानावर आधीच भरलेली खूण असेल तर ती ग्राहकाची संमती धरता येत नाही, हेही २०२० च्याच नियमांत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्राधिकरणाने ग्राहकाला चकवणाऱ्या तेरा युक्त्यांची यादी काढून त्यांवर बंदी घातली. खोटी घाई दाखवणं, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, सगळं त्यात आहे.

नकाराचं पान आणि त्यावरची ती दोन बटणं त्या यादीत चौदावी म्हणून यायला हवीत.

मागणी साधी आहे. तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क स्पष्टपणे आणि ठळकपणे दाखवा, असं नियम सांगतो. प्रत्यक्षात तो पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, गोपनीयतेचं धोरण आणि वापराच्या अटी यांच्या गर्दीत दडवलेला असतो. मार्गदर्शक सूचना काढायचा अधिकार केंद्रीय प्राधिकरणाला आहे. त्याने एका ओळीची सूचना काढावी. विनंती नाकारल्याचा संदेश ज्या पानावर येतो, त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, ईमेल, १९१५ हा क्रमांक आणि जिल्हा आयोगाकडे जाण्याचा दुवा द्यावा. 'ठीक आहे' या बटणाच्या वर.